एकदारी संध्याकाळ

इंजिन लागलं आणि वरचा रेडिओ बंद झाला. दोन्ही गोष्टी इतक्या पाठोपाठ घडल्या की आधी मला वाटलं, वीज गेली. पण डोक्यावरचा दिवा जळत होता. मी अण्णांच्या जागेवर बसलो होतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ॲक्सिलरेटरवर अलगद, आणि तोंडावर (समोरच्या आरशात दिसलं म्हणून सांगतो) वर्गात पहिल्या आलेल्या पोराचं हसू. ते हसू तसंच चिकटून राहिलं. रेडिओ आईचा. तो दिवसभर चालू असतो आणि इतका मोठा असतो की शेजारचे निवृत्त हेडमास्तर मला रस्त्यात गाठून म्हणतात, "आज बातम्या बऱ्या होत्या हं, आम्ही आमचा रेडिओ लावलाच नाही." आईला ऐकू येत नाही. दाराची बेल ऐकू येत नाही, फोन येत नाही, सुनेनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक येत नाही. ही शेवटची खरंच येत नाही की ती घेत नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. आणि त्या बाईनं आपल्या खोलीच्या फरशीखाली एक इंजिन सुरू झालेलं ऐकलं आणि हात लांब करून रेडिओ बंद केला. मी किल्ली फिरवून इंजिन थांबवलं. वरून काहीच आवाज येईना.

ऐकणं हा माझा धंदा आहे. मी लोकांचे कान तपासतो. माणसाला एका बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, आल्यासारखा वाटला तरी दाबा. मग काचेच्या अलीकडून एकेक आवाज सोडत जायचं, बारीक, जाड, उंच, खालचा. काचेपलीकडचे चेहरे बघण्यासारखे असतात. आलेला आवाज निसटू नये म्हणून धडपडतात बिचारे, श्वाससुद्धा धरून ठेवतात. आईचा कान मीच तपासलाय. वय झालं की आधी वरचे आवाज जातात, म्हणजे बेल, चिमणी, तान्हं मूल. खालचे टिकतात, ट्रकची घरघर, आभाळाचा गडगडाट, कपाट सरकवल्याचा आवाज. तिला यंत्रही मीच बसवून दिलं. ते तिनं बटणांच्या डबीत ठेवलंय. तिथं सुरक्षित आहे, म्हणते. तर मुद्दा असा, की गाडीचा आवाज तिला ऐकू जाणार हे मला तिच्या कानाच्या आलेखावर ठाऊक होतं. पण आलेखावर ठाऊक असणं आणि ठाऊक असणं यांत फरक आहे, आणि तो फरक कळायला मला केस पांढरे व्हावे लागले.

ही गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. करड्या रंगाची, चौकोनी तोंडाची, बंपरला चकचकीत पट्टी. अण्णा चिनीमातीच्या कारखान्यात तपासनीस होते. भट्टीतून निघालेल्या कपबश्या त्यांच्यापुढून जायच्या आणि ते एका लाकडी काडीनं प्रत्येकीवर टिचकी मारायचे. अखंड कप खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानाला ऐकू जायचा, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. नापास माल नोकरांना मिळायचा, त्यामुळे आमच्या घरातल्या झाडून सगळ्या कपबश्या नापास होत्या, आणि अण्णांचं आमच्याकडे बघणं असं होतं की त्या रांगेत ताई, मी आणि आईही उभे आहोत असं वाटावं. त्यांनी आमच्यावर हात कधी उचलला नाही. उचलायची गरजच पडली नाही. ते घरात येत, उभ्या उभ्या एकदा सगळीकडे बघत, टेबलावरच्या, खुर्चीवरच्या, कशावर तरी बोट ठेवत आणि विचारत, "हे काय?" बस, एवढंच. पुढे दोन दोन दिवस अबोला. ज्या वस्तूवर बोट ठेवलं ती वस्तू तिथून उचलायचंही कुणाचं धाडस व्हायचं नाही. पण रोज असं नव्हतं, आणि रोज असं नव्हतं हीच खरी मेख होती. काही दिवस ते हसत यायचे, ताईची वेणी ओढायचे, आईला म्हणायचे, "अगं, जरा बस की." कुठला दिवस कसला हे आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगायची गाडी. तिचं ड्रायव्हरकडचं दार बिजागरीतून जरा उतरलं होतं. हातानं किंचित उचलून लावलं तर एकदाच, टक्. रागानं आपटलं की ते लागायचंच नाही, मग पुन्हा आपटावं लागायचं. ताई खिडकीशी कान देऊन उभी असायची आणि आत वळून नुसते ओठ हलवायची, एकदारी. किंवा, दोनदारी. हे शब्द तिनेच पाडले. एकदारी संध्याकाळ असली की आम्ही पत्ते उशीखाली ठेवायचो, दोनदारी असली की ट्रंकेत. रेडिओ मात्र दोन्ही वेळा बंद. तो तर गाडी कोपऱ्यावर वळली की लगेच आई बंद करायची, आणि अण्णांची आरामखुर्ची सोडून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसायची. उशी थोपटून. दिवसभर ती त्या खुर्चीत बसत असे हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नसावं. निदान आमची तशी समजूत होती.

अण्णा गेल्यावर गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. ती दुरुस्त करायचं माझ्या डोक्यात कसं आलं हे मला नीट सांगता येणार नाही. लोक बागकाम करतात, कोणी तबला शिकतो. माझ्या हाती एक फोटो लागला. तळ्याकाठी गाडी उभी, तिला टेकून आम्ही तिघं, फोटो अण्णांनी काढलेला. आम्ही हसतोय. आई तर इतकी हसतेय की डोळे मिटलेत. मी ठरवलं, गाडी सुरू करायची आणि आईला तिच्यातून तळ्यावर न्यायचं. ठरवलं आणि सगळ्यांना सांगत सुटलो. बायकोला, ताईला फोनवर, दवाखान्यात येणाऱ्या बहिऱ्यांनासुद्धा. "आईसाठी करतोय," मी म्हणायचो, आणि ऐकणारा हळवा व्हायचा, आणि मलाही बरं वाटायचं. रविवार सगळे खालच्या खोलीत जाऊ लागले. गंज घासला, आसनांचं रेक्झिन बदललं, कार्ब्युरेटर रॉकेलात बुडवून ठेवला तो आठवडाभर घर वासानं भरलं. मदतीला एक मेकॅनिक यायचा. तोंडात सतत लवंग, म्हणून माझ्या मुलीनं त्याचं नाव लवंगकाका ठेवलं. त्याचं आणि माझं दोनदा वाजलं. एकदा दारावरून. तो म्हणाला, बिजागरीची पिन नवी टाकू, दार मख्खन लागेल. मी म्हटलं, नको, ते तसंच पाहिजे. आणि एकदा सायलेन्सरवरून. त्यानं दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा बसवून दिला होता, गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली असती. मी तो काढायला लावला. "साहेब, लोक आवाज कमी करायला पैसे देतात," तो म्हणाला, "तुम्ही वाढवायला देताय." मग मी सुट्टीच्या सुट्टीला भंगार बाजार पालथा घातला, जुने सायलेन्सर हातात घेऊन बोटांनी वाजवून बघत हिंडलो. अण्णा कप वाजवायचे तसा. तेव्हा हे लक्षात आलं नाही, आता येतंय. शेवटी हवा तो सापडला. खालून घुमत येणारा, मधेच एक ठेका चुकवणारा तो आवाज मला पाठ होता. जगातला दुसरा कुठलाच आवाज मी इतकं लक्ष देऊन ऐकलेला नाही. त्यामुळे मी तो ओळखला, आणि ओळखल्याचा मला आनंद झाला. इतका आनंद झाला की तो कसला आवाज आहे हे विचारायचं राहून गेलं. असा गाढवपणा दुसऱ्या कुठल्या घरातल्या माणसानं केला नसता. आम्हाला लहानपणापासून नुसतं ऐकायला शिकवलं होतं, विचारायला नव्हे.

तर मी तिथं बसलो होतो, अण्णांच्या जागी. आणि हळूहळू मला एक गोष्ट जाणवली. रेडिओ बंद होताना मी इतकी वर्षं वरून ऐकला होता, खोलीच्या आतून. आज पहिल्यांदा खालून ऐकला. वरून ऐकलं की ती सावधगिरी असते, चला, आवरा, आले. खालून ऐकलं की ते वेगळंच काहीतरी असतं. आपण आलो आणि घर मेलं, असं. अण्णा हे रोज ऐकत होते. न दिसणारा तडा ऐकू येणारा माणूस, त्याला कोपऱ्यावर गाणं ऐकू येत नसेल? फाटकाशी येताच ते तुटलेलं कळत नसेल? गाणं, मग शांतता, मग ते उतरलेलं दार. मला एक संध्याकाळ आठवली. आमचा रस्ता कोपऱ्यापासून फाटकापर्यंत उताराचा आहे. त्या दिवशी गाडीचा आवाज आलाच नाही. आम्ही पत्ते खेळत होतो, आई खुर्चीत पाय वर घेऊन रेडिओबरोबर गुणगुणत होती, आणि ताई सहज पाणी प्यायला उठली ती खिडकीशी थिजली. गाडी अंगणात उभी होती. अण्णा आत बसले होते, कधीपासून कोण जाणे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान किंचित वर. "आले!" ताई किंचाळली. क्षणात सगळं बंद. त्यानंतर दार आपटलं, एकदा, दोनदा, मला वाटतं तीनदा. ताई आणि मी त्या संध्याकाळला धाड म्हणायचो. इंजिन बंद करून उतारावरून गाडी सोडली, आपल्याला रंगेहाथ पकडायला, चोरपावलांनी आले. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या की आम्ही अजून हे एकमेकांना सांगतो आणि हसतो. पकडायला आलेला माणूस आधी उतरेल. तो असा बसून राहणार नाही. इतका साधा विचार दोन शिकलेल्या माणसांच्या मनात इतक्या वर्षांत आला नाही. मला अण्णांची दया आली, आणि ती येताच राग आला, कारण वर आई होती. तिनं आत्ता काही क्षणांपूर्वी भीतीनं रेडिओ बंद केला होता, आणि मी खाली बसून ज्याची भीती त्याच्यासाठी गहिवरत होतो.

मी वर गेलो. जिन्याच्या वर, चपलांच्या कपाटावर एक पितळी थाळी आहे, घरात शिरताना मी किल्ल्या तिच्यात टाकतो. बायको एकदा म्हणाली होती, "थाळी कशी वाजते त्यावर आम्ही चहा टाकायचा की गप्प बसायचं ते ठरवतो." मी हसलो होतो. तीही हसली होती. मुलगी हसली होती का, हे मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवेना. किल्ल्या मी खिशातच ठेवल्या.

आईच्या खोलीत आरामखुर्ची रिकामी होती. उशी थोपटलेली. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, समोर ओटा स्वच्छ. मला बघून ती जरा ओशाळली, चोरून काही खाताना सापडल्यासारखी.

"रेडिओ का बंद केलास?" मी मोठ्यानं विचारलं.

"गाडी आली ना."

"आली नाही गं. इथंच होती. मी सुरू केली फक्त."

"तेच ते."

"आई, अण्णा..."

"मला काय वेड लागलंय होय?" ती फटकन म्हणाली. "मला ठाऊक आहे ते गेलेत. मीच त्यांचे डोळे मिटले. पण हाताला कोण सांगणार? मला कळायच्या आत बंद केलान रेडिओ. मग म्हटलं, आता उठलेच आहे तर बसते इथं."

मी खाली फरशीवर बसलो, तिच्या पायाशी. तिला माझे ओठ दिसायला हवे असतात. "मग एवढे दिवस बोलली का नाहीस? मी दर रविवारी खाली मरतोय."

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस. आई, तुझ्यासाठी गाडी करतोय. आता एवढ्या हौसेनं करतोय म्हटल्यावर मी काय बोलणार?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं माझ्या बाहीवरचा ग्रीसचा डाग बघितला, नखानं खरवडला, आणि हा जायचा नाही म्हणून सोडून दिला. मला तिला एकच विचारायचं होतं. आमच्या घरात असे प्रश्न कोणी विचारत नाही.

"अण्णांना ऐकू जात असेल का गं? तू रेडिओ बंद करायचीस ते?"

"न जायला काय झालं? कान कसले तिखट होते त्यांचे." तिनं ओट्यावरून हात फिरवला. "एकदा विचारलंनही होतं. म्हणाले, कोपऱ्यापर्यंत गाणं ऐकू येतं, मग कुठे जातं गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, त्या वेळेला कार्यक्रम संपतो."

ती हसली आणि मग हसायची थांबली. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल नेत होतं, तिला ते ऐकू येत नव्हतं, मला येत होतं.

"लावून ठेवायला हवा होता," ती म्हणाली. "आता वाटतं. एखाद दिवशी तरी. पण आज कुठली संध्याकाळ आहे ते कळायच्या आत कोण धाडस करणार? तुमचं ते एकदारी-दोनदारी मला काय माहीत नव्हतं होय? ताईच्या ओठांकडे मीही बघायचे." मग पदर सावरून ती एकदम उठली. "चल, कपडे बदलते. एवढं केलंयस तर जाऊन येऊ तळ्यावर."

ती खरंच निघाली होती. तिचा आवाज छान होता, खणखणीत, आणि मी सुखानं हो म्हणून तिला हाताला धरून खाली नेऊ शकलो असतो. इतके रविवार मी त्याच क्षणासाठी घालवले होते. पण मी फरशीवरून उठलो नाही. "आई," मी म्हटलं, "तुला यायचंय का? मी न्यायचं म्हणतोय ते सोड. तुला?"

ती दारात उभी राहिली. तिला ऐकू आलं नाही असं मला वाटलं आणि मी पुन्हा विचारणार, एवढ्यात तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाही."

माझ्या आठवणीत या घरात कोणी कोणाला उच्चारून दिलेला हा पहिलाच नकार. तो ऐकून मला मोकळं वाटायला हवं होतं, आणि मला फार वाईट वाटलं. रडू येईल इतकं. ती पटकन म्हणाली, "रागावलास?" मी नाही म्हटलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. अंदाज घेत.

संध्याकाळी मी एकटाच गाडी घेऊन बाहेर पडलो. गाडी जरा फिरवून आणा, असं लवंगकाकानं बजावलं होतं. मी तळ्याकडे गेलो नाही. नुसता गल्ल्यांतून हिंडलो. लोक वळून बघत होते, एका माणसानं हात वर करून शाबासकी दिली, आणि चौकात एक मोटरसायकलवाला आडवा आला तेव्हा मी काच खाली करून त्याला जे बोललो ते माझे शब्द नव्हते. "हे काय?" मी म्हणालो होतो. एवढंच. त्याला काही कळलं नाही, तो हसून निघून गेला.

परतताना कोपऱ्यावर आलो आणि हातानं आपसूक किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. गाडी उतारावरून आपल्या वजनानं खाली निघाली, टायरखाली खडी कुरकुरत होती, बाकी आवाज नाही. फाटक मी उघडंच ठेवून गेलो होतो, म्हणजे हे मी आधीच ठरवलं होतं की काय कोण जाणे. अंगणात गाडी थांबली. उजेड अजून होता. वर रेडिओ चालू होता. कोणीतरी बाई शेतीबद्दल की हवामानाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि त्यावर आई काहीतरी बोलली, आणि माझी बायको आणि मुलगी हसल्या. मुलगी आजीची नक्कल करत असावी, मग आईही हसली. असं हसणं मी घरात असताना होतं का? होतच असेल. मी आठवू लागलो तर मला एकेक हसू आठवत होतं, पण त्या प्रत्येकात मी दाराबाहेर होतो, नाहीतर जिन्यावर. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी मान जरा वर केली, म्हणजे नीट ऐकू यावं. तपासणीच्या काचेपलीकडे बसलेली माणसं धरतात तसा श्वास धरला. हे आता असंच चालू राहावं, मी उतरूच नये, कोणी मला बघू नये, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

खिडकीत मुलगी आली. केस पुसत होती. तिनं खाली बघितलं, गाडी बघितली, मला बघितलं. मी मानेनं नको नको म्हटलं, पण काचेतून तिला ते दिसलं नसणार. ती आत वळली आणि आजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "आजी, बाबा आले!"

रेडिओ बंद झाला.

हसणं थोडं पुढे घरंगळलं आणि तेही थांबलं. मग काही नाही. ते मी ओळखत होतो, दोन्ही बाजूंनी ओळखत होतो आता. मला आरामखुर्चीची कुरकुर ऐकू आली असं वाटलं. उशी थोपटल्याचंही वाटलं, पण ते इतक्या खाली ऐकू येणं शक्य नाही, मी स्वतः लोकांना समजावून सांगतो की कान कधी कधी भीतीनंही ऐकतो. माझं बोट किल्लीवर होतं. परत इंजिन लावावं, मागे फिरावं आणि कुठेतरी जावं, असं मनात आलं. मग वर काहीतरी खटकन वाजलं, थोडी खरखर झाली, आणि ती हवामानाची बाई पुन्हा बोलू लागली. पहिल्यापेक्षा मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या हेडमास्तरांची खिडकी उघडली. मुलगी वरून ओरडली, "आजी, हळू!" आणि आई तिच्यावर ओरडली, "राहू दे! चालू राहू दे!" तिचा आवाज थरथरत होता. खुर्चीत बसून ओरडली की उभी राहून, मला कळलं नाही.

मी उतरलो. डोळे भरून आले होते, हातात किल्ल्या होत्या, आणि वरून तो रेडिओ सगळ्या अंगणावर कोसळत होता. मी दार लावलं. ते एकदा लागलं की दोनदा लावावं लागलं, त्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही.